पाठमोरा

१

आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर काच येत नाही आणि कामाच्या टेबलावर पाव येत नाही. हा नियम माझा. बाकीचे सगळे नियम सासऱ्यांचे, आणि ते इतके, की लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं आपण काचकामाच्या कारखान्यात नाही, पलटणीत आलोय.

कारखाना म्हणजे खालच्या दोन खोल्या. वर आमचं राहणं. समोर गल्ली आणि गल्लीच्या टोकाला कॅथेड्रल. युद्ध येणार असं दिसायला लागलं तेव्हा आमच्या व्होक्रेन गावच्या लोकांनी कॅथेड्रलच्या रंगीत खिडक्या उतरवल्या आणि पेट्यांत भुसा भरून खडूच्या खाणीत नेऊन ठेवल्या. युद्ध संपलं, तेव्हाची पोरं बाप झाली, तरी त्या पेट्या एकेक करून अजून आमच्याकडे येतच होत्या. जुनं शिसं सोडवायचं, काच धुवायची, तडे सांधायचे, नव्या शिशाच्या पट्ट्यांत सगळं पुन्हा गुंफायचं आणि डाख द्यायचा. शिसं आणि डाख माझ्याकडे. धुणं, रंगवणं आणि भट्टी माझ्या नवऱ्याकडे, तिबोकडे. बारीक कामापायी सासऱ्यांची नजर गेलेली, उजेड-अंधार तेवढा कळायचा, म्हणून ते शेगडीजवळ बसून बटाटे सोलायचे आणि आमच्या चुका काढायचे. न दिसणाऱ्या चुकाही त्यांना बरोबर सापडायच्या.

त्या वर्षी मार्चमध्ये पाववाल्यांची खिडकी आली. दक्षिणेची, भरपूर उन्हाची. सातशे वर्षांपूर्वी गावातल्या पाववाल्यांनी दिलेली, म्हणून तिच्या सगळ्यात खालच्या तावदानात संत नाहीत, दुकान आहे. फळीवर पाव मांडलेत, लठ्ठ पाववाली हात पुढे करून उभी आहे, गिऱ्हाइकं आहेत. फळीच्या टोकाला एक पाव उलटा ठेवलाय, आणि त्याच्यासमोर पिवळी टोपडी, निळा झगा आणि लाल मोजे घातलेला एक माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे. गावात त्याला पाठमोरा म्हणतात. उलटा पाव आमच्याकडे जल्लादासाठी ठेवायची रीत होती, म्हणून कोणी म्हणे तो जल्लाद. कोणी म्हणे उधारी थकलेला, म्हणून तोंड लपवतोय.

खिडक्यांच्या बाहेरच्या अंगाला ऊनपावसाने एक राखाडी थर धरतो. आम्ही त्याला खपली म्हणतो. ती काढली की काच उजळते. सासऱ्यांचा नियम होता की सगळ्या खिडकीची खपली काढा, पाठमोऱ्याची काढू नका. पण पॅरिसहून तपासणीला आलेल्या साहेबांनी तावदान उजेडासमोर धरलं आणि विचारलं, "हा माणूस आहे की डाग?" ते तिबोच्या फार मनाला लागलं.

"का नाही काढायची, बाबा?" त्याने जेवताना विचारलं.

"माझ्या बापाने सांगितलं म्हणून."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"त्याच्या बापाने. मी का म्हणून विचारलं असतं तर कानाखाली बसली असती. तू विचारतोस, कारण मी तुला कधी मारलं नाही. तेवढी एक चूक झाली माझी."

"म्हणजे कारण कोणालाच माहीत नाही."

"विस्तव भाजतो याचं कारण तरी तुला कुठे माहीत आहे?"

तिबो हसला. तो बापाचं सगळं ऐकून घ्यायचा आणि मग स्वतःच्या मनासारखं करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाठमोऱ्याच्या बाहेरच्या अंगावर औषधाचे ओले बोळे लावले. मी पलीकडच्या खोलीत शिसं ओढत होते.

"एर्मांस," त्याने हाक मारली. "इकडे ये. आधी हात पूस."

खपली निघाली होती. खाली चेहरा होता.

जुने कारागीर कधीकधी काचेच्या मागच्या अंगाला सावलीसाठी रंगाचा एखादा हात देत, त्यात नवल नाही. पण ही सावली नव्हती. नाक, ओठ, हनुवटीवरची खळी, कपाळावर आलेली केसांची बट, सगळं नीट काढून भट्टीत भाजून पक्कं केलेलं होतं. आतून जिथे टोपडीची मागची बाजू, तिथेच बाहेरून तोंड. तसं पाहिलं तर बरोबरच होतं. आतून पाठ दिसत असेल तर बाहेरून तोंड दिसणारच. पण इतक्या उंचीवर, बाहेरच्या अंगाला, ते बघणार कोण? तिथे डोमकावळे बसतात. शिवाय बाहेरून कुठलीही खिडकी काळीच दिसते. रंग बघायचे तर माणसाला अंधारात बसावं लागतं आणि उजेड काचेच्या पलीकडे असावा लागतो.

मी तावदान उचलून उजेडासमोर धरलं. काच पिवळी, पातळ. मागचा चेहरा आतून थोडा तरी दिसायला हवा होता. दिसली ती नुसती टोपडी आणि तिची शिवण.

"आतला थर जाड असेल," मी म्हटलं.

"असेल," तिबो म्हणाला. पण तो तावदान उलटं करून तो चेहराच बघत होता. "किती जिवंत काढलाय बघ. याला कोणीतरी खरंच ओळखत होतं."

मला तो चेहरा आवडला नाही. वाईट होता म्हणून नाही. दार वाजवायला हात उचलावा आणि आतून कोणीतरी ते आधीच उघडावं, तेव्हा माणूस जसा दिसतो तसा तो दिसत होता.

२

दुपारी आम्ही वर जेवायला बसलो. लीकच्या पातीचं सूप होतं, त्यात सासऱ्यांनी सोललेले बटाटे. तिबोच्या कानशिलावर पिवळा कवडसा पडला होता.

आमच्या घरात कवडसे नवे नाहीत. गल्लीतून काच नेताना समोरच्या घराच्या भिंतीसुद्धा रंगतात. मी सफरचंदाच्या साइडरचा जग सरकवला. कवडसा हलला नाही. उठून खिडकीचं लाकडी दार ओढून घेतलं. खोलीत काळोख झाला, सासरे ओरडले की अंधार कोणी केला, आणि तिबोच्या कानशिलावर तो पिवळा तुकडा होता तिथेच राहिला.

"काय झालं?" तिबोने विचारलं.

"काही नाही. डोळे."

आमच्या धंद्यात डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत. सकाळभर लाल काचेकडे बघितलं की दुपारी पांढऱ्या भिंतीवर हिरवं दिसतं. मी सासऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे दाढीचे खुंट होते, बाकी काही नव्हतं. भिंतीकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. रंग फक्त तिबोवर होता. मी उठले आणि ओल्या फडक्याने त्याचं कानशील पुसलं.

"मी काय लहान आहे?" तो म्हणाला. पिवळं फडक्याला लागलं नाही. माझ्या बोटांवरही आलं नाही. खरा कवडसा असता तर मी हात मध्ये घातल्यावर तो माझ्या हातावर पडला असता. माझा हात कोराच राहिला.

जेवण संपेपर्यंत तो गालावर उतरला. दिवेलागणीला हनुवटीवर फिका होत होत गेला. ऊन जमिनीवरून सरकतं त्याच चालीने. मी कामाचं निमित्त करून पुन्हा पुन्हा त्याच्या खोलीत जाऊन बघून येत होते.

दुसऱ्या दिवशी कवडसा परत आला, आणि आता तो तिबोलाही आरशात दिसला. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, पोट दाबलं.

"कावीळ," ते म्हणाले. "लोणी बंद. दारू बंद."

"एका गालावर कावीळ?" मी विचारलं.

"मादाम, तुमच्या घरात माणसं शिसं चघळतात म्हटलं तरी चालेल. शिसं अंगात भिनलं की काय काय दिसतं ते मला विचारा."

हे मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. शिशाने माणूस भ्रमतो हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. मी खिडक्या उघडल्या, सगळ्यांना दूध प्यायला लावलं. तिबोने पाव कापून टेबलावर ठेवला, तो उलटा. आमच्याकडे असं कोणी करत नाही, लहान मूलही नाही. सासऱ्यांनी चाचपून पाव सुलटा केला आणि त्याच्यावर सुरीने क्रूस काढला. सासऱ्यांनी ही चूक काढली नाही तेव्हा मी खरी घाबरले.

३

तावदान मी घाईने पुरं केलं. घरातून ते गेलं की बरं वाटेल असं वाटत होतं. शिसं गुंफलं, डाख दिला, फटींत लांबी भरली, आणि पाठमोऱ्याला हात लावताना प्रत्येक वेळी त्याच्यावर फडकं टाकलं. स्वतःचीच लाज वाटत होती, पण टाकलं.

बसवायच्या दिवशी लख्ख ऊन होतं. तिबो बाहेरून परांचीवर चढला. मी आत खाली उभी राहून वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सांगणार होते. शेजारी फादर ग्रिमो हात चोळत उभे होते. खिडकी इस्टरच्या आत हवी म्हणून त्यांनी महिनाभर माझं डोकं खाल्लं होतं.

"एर्मांसबाई, आता तरी हसा. देवाचं काम झालं."

"देवाने अजून डाख तपासला नाहीये, फादर."

बाहेर माणूस उभा राहिला की आतून काच तेवढी काळवंडते. यात कसली जादू नाही. तो उन्हाच्या आड येतो. तिबो पाववालीच्या मागे आला तेव्हा पाववाली काळी पडली. तो सरकला, ती उजळली, गिऱ्हाइकं काळी पडली. मग तो पाठमोऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

पाठमोरा पेटल्यासारखा उजळला.

टोपडीचा पिवळा, झग्याचा निळा, असे रंग मी त्या खिडकीत कधी बघितले नव्हते, आणि माझं आयुष्य या रंगांत गेलंय. शेजारचे पाव तेवढेच मंद. फक्त जिथे माझ्या नवऱ्याचं अंग उन्हाच्या आड होतं तिथे काच जास्त उजळ होती.

"वा!" फादर ग्रिमो म्हणाले. "वा! साहेबांनी बघायला हवं होतं."

"तिबो!" मी ओरडले. "बाजूला हो!"

"काय?"

"बाजूला हो म्हणते ना!"

तो बाजूला झाला. पाठमोरा पुन्हा इतरांसारखा झाला. फादर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं की मला वाटलं परांची हलली. ढग सरकला असेल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि दारातून बाहेर येऊन आभाळाकडे बघितलं. आभाळात एकही ढग नव्हता. तिबो खाली उतरत होता. भर उन्हात तो उजळलाय की नाही ते मला कळत नव्हतं, दिवा उन्हात ठेवल्यावर पेटलाय की नाही कळत नाही तसं.

४

घरी कळलं.

इस्टर आला आणि गेला. तिबोचं काम सुटलं. तो दिवसभर वरच्या खोलीत खिडकीची दारं ओढून बसायचा, कारण त्याला ऊन लागत होतं.

"बंद खोलीत कसलं ऊन?"

"पाठीवर. मागे कोणीतरी पडदा सारलाय असं वाटतं."

मागे भिंत होती. मी तिला हात लावून बघितला. गार होती.

त्या काळोख्या खोलीत मी दुपारचं सूप घेऊन जायचे. दार उघडलं की खुर्ची दिसायची नाही, पलंग दिसायचा नाही, तिबो दिसायचा. कपाळावर आणि केसांवर पिवळा, छातीवर निळा, हातांवर रात्री खाटिकाकडे दिवा असतो तसला लाल. शर्टावर नाही, शर्टाच्या आतून. आणि मानेभोवती, मनगटांभोवती, तोंडाच्या कडेने बारीक काळी रेघ होती. ती रेघ मला शिकवायला नको. मी असते तर शिसं तिथूनच फिरवलं असतं.

खरं सांगते, तो सुंदर दिसत होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला कधी असं बघत उभी राहिले नव्हते. मला रडू आलं, ते भीतीचं होतं की कसलं ते मला अजून सांगता येत नाही.

"एर्मांस, बोल ना. गप्प का?"

"दुखतं का तुला?"

"नाही गं. दुखत काही नाही." तो मान थोडी मागे वळवायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. "बघतात, एवढंच."

"कोण बघतं?"

"बसलेत. चर्चमध्ये मिस्साला बसतो आपण तसे. वर बघत."

"किती जण?"

"मी वळून बघितलं नाही अजून. तू जा खाली. सूप ठेव आणि जा."

मी गेले नाही. त्याच्या पायाशी बसले, त्याचे दोन्ही हात धरून. हात गरम होते, माझ्याच नवऱ्याचे होते, अंगठ्यावर लहानपणी काच घुसल्याचा व्रण होता. माझ्या बोटांतून लाल उजेड येत होता आणि माझी बोटं काळी दिसत होती. मी मनात म्हटलं, शिसं. शिशाने असं दिसतं. डॉक्टर म्हणाले होते.

खाली सासरे शेगडीजवळ बसले होते. पुढ्यात बटाटे नव्हते.

"बाबा, तुम्हाला काय दिसतं? तिबोकडे बघितल्यावर?"

त्यांनी तोंड जिन्याकडे फिरवलं. मग म्हणाले, "मला तुझं तोंड दिसत नाही, सूनबाई. माझा हात दिसत नाही. वरच्या खोलीत दार उघडलं की जिन्यातून मला माझा मुलगा दिसतो. नाकडोळ्यांसकट." त्यांनी माझं मनगट चाचपून धरलं. "ते तोंड झाक. जा. आजच झाक. मी सांगत होतो तर कोणी ऐकलं नाही."

मी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचं ऐकायला मी धावत गेले.

५

परांची अजून उतरवली नव्हती. मी काजळीचा काळा रंग तेलात दाट कालवला, ब्रश कमरेला खोचला आणि भर दुपारी चढले. खाली बाजार भरला होता. कोणीतरी कोबीच्या भावावरून भांडत होतं. ते ऐकून मला बरं वाटलं.

बाहेरून खिडकी कशी असते ते मला ठाऊक आहे. राखाडी शिसं, काळी काच, जुन्या तव्यासारखी. वरचे संत तसेच होते. पाववाली तशीच होती. कोणाला सांगून पटलं नसतं की आत सगळं रंगलेलं आहे.

पाठमोऱ्याचं तोंड उजळलेलं होतं.

भर उन्हात, माझ्या डोळ्यांसमोर, पलीकडून उजेड येऊन. पलीकडे म्हणजे कॅथेड्रलचा आतला काळोख. दुपारी तिथे कोणी मेणबत्तीही लावत नाही. मी येताना आत डोकावले होते, दगडी फरशी आणि रिकाम्या खुर्च्या. तरी त्या काचेमागे ऊन होतं, आमच्या एप्रिलच्या उन्हापेक्षा जास्त उबदार, ऑगस्टच्या, पिकलेल्या गव्हाच्या दिवसांत पडतं तसं. ते माझ्या हातावर पडत होतं आणि माझ्या हाताला ते लागत होतं.

चेहरा मी घरी बघितला होता तो नव्हता. खळी नव्हती. बट नव्हती. मी नीट बघितलं नाही. नीट बघितलं असतं तर माझा हात उठला नसता, आणि मला तो उठवायचा होता. कपाळ तिबोचं आहे एवढं बघितलं आणि डोळे मिटले.

मिटलेल्या डोळ्यांनीच ब्रश फिरवला. काच कंप पावत होती. मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यावर कळतं तशी बारीक थरथर. एक थर, मग दुसरा, कोपरे बोटाने भरले. डोळे उघडले तेव्हा काळ्या काचांत आणखी एक काळी काच होती. तेलाचा वास येत होता. खाली कोबीचं भांडण मिटलं होतं.

उतरताना मन हलकं होतं. घरी गेल्यावर तिबोला म्हणायचं, उघड आता खिडक्या, आजारपणाचं सोंग पुरे. रस्त्यात मी त्याच्यासाठी लोणीसुद्धा घेतलं. डॉक्टर गेला खड्ड्यात.

६

सासरे जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे होते.

"झाकलंस?"

"झाकलं, बाबा."

"मग मला तो दिसत का नाही?"

"बरा झाला म्हणून," मी म्हटलं. "आता तो आपल्यासारखा झाला." आणि मी वर धावले.

खोलीत काळोख होता, साधा, दुपारी दारं ओढल्यावर असतो तसा. मी दारं सताड उघडली. ऊन आत आलं, पलंगावर पडलं, भिंतीवर पडलं. तिबो खुर्चीत बसला होता. छाती वरखाली होत होती. ऊन त्याच्यावर पडत होतं आणि काही उजळत नव्हतं. शर्ट राखाडी, हात राखाडी. मानेची आणि मनगटांची रेघ तेवढी ठळक, फुगीर, राखाडी. तोंडाच्या जागी तोंड होतं. नाक होतं तिथे उंचवटा होता, डोळे होते तिथे खोलगट होतं. पण ते नाक तिबोचं आहे की कोणाचं, तो हसतोय की रडतोय, हे मला वाचता येईना. मी बायको त्याची, आणि मला त्याचं तोंड ओळखू येईना.

मी काय केलं ते मला तिथेच उभी असताना कळलं. तिथला उजेड त्याच्यातून आमच्याकडे येत होता, आणि आमच्याकडचं भोक, म्हणजे काचेवरचं त्याचं तोंड, मी स्वतःच्या हाताने बुजवून आले होते. काचेपलीकडे बसलेल्यांना तो दिसतच होता.

टर्पेंटाइनची बाटली घेऊन मी परत चढले. लोक बघत होते, कोणीतरी फादरना बोलावलं. रंग ओलाच होता, पहिल्या फडक्यात निघाला. खाली काच होती, स्वच्छ, बाहेरून काळी. चेहरा नव्हता, नाकाची रेघही नव्हती. मी नखाने खरवडलं, मग सुरीने. फादर ग्रिमो खालून ओरडत होते की बाई, सातशे वर्षांची काच आहे ती. मला धरून खाली आणावं लागलं.

आता तो स्वतः उठत नाही. मी उठवते, बसवते, भरवते. गिळतो. डॉक्टर म्हणतात शिसं मेंदूत गेलं, आणि मला डोळे मिटून विश्रांती घ्यायला सांगतात. सासरे रोज त्याच्याजवळ बसून त्याला शिव्या देतात, लहानपणी द्यायला हव्या होत्या त्या सगळ्या. मध्येच थांबून त्याचे हात चोळतात.

कधीकधी तिबो बोलतो. आवाज त्याचाच, पण पाठ करून बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. पहिल्यांदा बोलला तेव्हा मी त्याला सूप भरवत होते. तो हसला, कोणीतरी विनोद केल्यावर हसतात तसा मोकळा. मी त्याचे खांदे धरले.

"तिबो! तिबो, मी आहे. एर्मांस. इकडे बघ."

तो हसायचा थांबला. ऐकू येतंय असं वाटलं. मान थोडी माझ्या दिशेने कलली.

"तिबो, मी इथे आहे रे. तुझ्यासमोर आहे."

पलीकडून त्याला कोणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण तो क्षणभर कान देऊन थांबला, आणि मग मान परत फिरवून, अगदी नम्रपणे, परक्या घरी पाहुणा बोलतो तसं म्हणाला, "नाही हो. त्या बाजूला कोणी नाही."

मी त्याचा हात धरलेला होता. तो गरम होता.